सुपरचार्जर तर बसला, पण पेट्रोल पुरतंय का? फ्युएल सिस्टीम अपग्रेड पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सुपरचार्जर (इंजिनच्याच ताकदीवर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंप) लावला की सगळ्यांच्या गप्पा हवेवरच असतात, बूस्ट (म्हणजे कोंबलेल्या हवेचा जादा दाब) किती, पुली केवढी, इंटरकूलर कुठला, आणि पेट्रोलचं काय केलंस असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "मोठे इंजेक्टर टाकलेत ना". अहो पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! इंजेक्टर म्हणजे पोहरा, आड म्हणजे टाकीतला पंप, आणि मधे वायरिंग, फिल्टर, पाइप, दाब ठरवणारा रेग्युलेटर असा लांबलचक दोर आहे, त्यातला एक पीळ जरी सुटला तरी वरचे महागडे इंजेक्टर नुसते टकटक करत बसणार. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी हा सगळा रस्ता टाकीपासून एकदा समजून घ्या.

खाली जे लिहिलंय ते पोर्ट इंजेक्शनच्या (जिथे पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं) पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत कॅमवर चालणारा वेगळा हाय प्रेशर पंप असतो आणि रेलमधला (म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतला) दाब २०० बारच्या घरात जातो, ती लाइन नवशिक्याने उघडायची नाही, विषय संपला.

मुळात जास्त पेट्रोल का लागतं

समजा ८ पीएसआय बूस्ट आहे. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ धरा, दोन्ही मिळून २२.७, म्हणजे आधीच्या साधारण दीडपट हवा सिलिंडरमधे जाते (हवा तापते त्यामुळे थोडी कमी भरते, ते सोडा). हवा दीडपट तर पेट्रोलही दीडपट लागणार. त्यात बूस्टमधे मिक्स्चर मुद्दाम रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवावं लागतं, लॅम्बडा (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली रिच) ०.७८ ते ०.८२, म्हणजे साध्या पेट्रोलवर एएफआर (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) साडेअकरा ते बाराच्या मधे, कारण ते जादाचं पेट्रोल आतली उष्णता ओढून घेतं. आणि वर सुपरचार्जर फिरवायला लागणारी ताकद क्रँकमधूनच जाते, ती चाकाला मिळत नाही पण तिच्यासाठी पेट्रोल मात्र जळतंच. हे सगळं कमी पडलं की मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी), मग नॉक (मिक्स्चर आपोआप स्फोटासारखं पेटणं), मग पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटणं किंवा पिस्टनला भोक. याला महिने लागत नाहीत, फुल थ्रॉटलचे काही सेकंद पुरतात.

पहिलं काम: कागद पेन घेऊन हिशोब

हा भाग लोक गाळतात आणि "अमक्याने जे टाकले तेच मी टाकले" करून मोकळे होतात. हिशोब अवघड नाहीये. एक आकडा लक्षात ठेवायचा, बीएसएफसी, म्हणजे एक हॉर्सपॉवर एक तास मिळवायला किती पाउंड पेट्रोल जळतं. साध्या इंजिनला ०.५ च्या आसपास, सुपरचार्जरवाल्याला ०.५५ ते ०.६५. आपण ०.६ धरू.

चार सिलिंडरची गाडी, टार्गेट ३०० एचपी. ३०० गुणिले ०.६ म्हणजे तासाला १८० पाउंड पेट्रोल. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी ४५. पण इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्के ड्युटी सायकलवर थांबायचं, म्हणून ४५ भागिले ०.८ म्हणजे ५६ पाउंडांच्या थोडं वर. याला १०.५ ने गुणलं की सीसीमधे उत्तर येतं, मिनिटाला साधारण ५९० सीसी. म्हणजे ६०० ते ६५० सीसीचा सेट घ्या. काही जण "पुढे पॉवर वाढवू" म्हणून थेट १३०० घेऊन येतात, हरकत नाही पण मग आयडलला ते इतका कमी वेळ उघडतात की ट्यूनरच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बसवणाऱ्याच्या) नाकी नऊ येतात. चांगले आधुनिक इंजेक्टर मोठ्या साइजमधेही आयडल नीट देतात, स्वस्तातले देत नाहीत.

ड्युटी सायकल म्हणजे नक्की काय ते एकदा डोळ्यासमोर आणा. ६००० आरपीएमला इंजिनचा एक पूर्ण सायकल, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या, २० मिलिसेकंदांत होतो. त्यातले १६ मिलिसेकंद इंजेक्टर उघडा असेल तर ८० टक्के झाले. ७००० ला तेच २० चे १७ होतात, म्हणजे वेळच कमी आणि गरज जास्त. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरमधे बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो म्हणून सगळा ताण रेडलाइनजवळ येतो. रूट्स किंवा ट्विन स्क्रूमधे बूस्ट खालूनच मिळतो, त्यामुळे मधल्या आरपीएमलाही लक्ष ठेवावं लागतं.

आता पंप. तासाला १८० पाउंड म्हणजे ८२ किलोच्या आत बाहेर, पेट्रोलचं एक लिटर पाऊण किलोच्या जवळ भरतं, म्हणजे तासाला ११० लिटर. वर वीस पंचवीस टक्के हात राखून ठेवा, १३५ ते १४० लिटर. मग वॉलब्रोचा २५५ एलपीएचवाला (तासाला २५५ लिटर) पंप पाहिला की वाटतं दुप्पट आहे की! इथेच गंमत आहे. पंपावर लिहिलेला आकडा ठराविक दाबाला आणि ठराविक व्होल्टेजला असतो. दाब वाढला की फ्लो पडतो, व्होल्टेज पडलं की अजून पडतो. म्हणून पंप घेताना डब्यावरचा आकडा बघू नका, त्याचा फ्लो चार्ट मागा आणि तुमच्या दाबाला तो किती देतो ते बघा. ३ बारचा बेस दाब (बूस्ट नसतानाचा) आणि ०.७ बार बूस्ट असेल (१० पीएसआय म्हणजे जवळजवळ तेवढाच) तर रेलमधे ३.७ बार लागतात, चार्टवर बघायचं ते ३.७ च्या जरा पुढे ४ बारला. ३०० एचपीला २५५ चा पंप आरामात चालतो, फक्त त्याला पूर्ण वीज मिळायला पाहिजे, त्याचं पुढे सांगतो.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरणार असाल तर ते आताच ठरवा. ई८५ ला (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) साध्या पेट्रोलपेक्षा ३० ते ३५ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे वरचे ५९० सीसी सरळ ८०० च्या जवळ जातात आणि पंपाचा हिशोबही तेवढाच वाढतो. शिवाय पाइप, ओ-रिंग, फिल्टर सगळं इथेनॉलला टिकणारं हवं, कागदाचा फिल्टर चालत नाही, स्टीलच्या जाळीचा घ्या.

दुसरं: तुमच्या गाडीत रिटर्न लाइन आहे का?

जुन्या गाड्यांमधे बहुतेक वेळा रेलच्या टोकाला रेग्युलेटर असतो आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत जातं. या रेग्युलेटरला मॅनिफोल्डवरून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावरून) एक बारीक नळी येते. बूस्ट ०.७ वाढला की रेलचा दाबही ०.७ ने वाढतो, म्हणजे इंजेक्टरच्या दोन तोंडांमधला फरक कायम ३ बार राहतो. हा फरकच महत्त्वाचा, पेट्रोल त्याच्या जोरावर जातं.

रिटर्नलेस गाडीत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि बऱ्याच गाड्यांमधे दाब कायम ४ बारवर अडकवलेला असतो. तिथे ०.७ बूस्ट आला की फरक ३.३ उरतो. याचा अर्थ सिस्टीम खराब आहे असा नाही, पण इंजेक्टर निवडताना ३.३ धरून निवडायचा. फ्लो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो हे सूत्र घोटून ठेवा. ३ बारला ६०० देणारा इंजेक्टर ३.३ ला ६३० च्या आसपास देईल, दाब दुप्पट केला तरी पेट्रोल दुप्पट होत नाही, १.४१ पटच होतं. "रेग्युलेटरचा स्क्रू पिळ, होईल काम" असं सांगणाऱ्याला हे सूत्र दाखवा. वर दाब वाढवला की पंपाचा फ्लो पडतो ते वेगळंच.

काही नव्या गाड्यांमधे पंपाचा वेग एका वेगळ्या मॉड्युलने कमीजास्त केला जातो. तिथे मोठा पंप नुसता ठोकला तर ते मॉड्युल तापून बसतं, कारण ते जुन्या पंपाच्या करंटसाठी बनवलंय. आणि टाकी दोन कप्प्यांची असेल तर एका बाजूचं पेट्रोल दुसरीकडे ओढणारा छोटा जेट पंप असतो, तो मेन पंपाच्याच फ्लोवर चालतो, पंप बदलताना त्याची नळी विसरलात तर काटा पाव टाकी दाखवत असताना गाडी बंद पडेल.

तिसरं: हात लावायच्या आधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत जाऊन लांबच्या ठिणगीलाही भेटते. म्हणून काम उघड्यावर किंवा दारं सताड उघडी ठेवून, जवळपास हीटर, ग्राइंडर, सिगारेट काही नको, डोळ्यांना गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे, आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताच्या अंतरावर. गाडीखाली उजेडाला काचेचा बल्ब अजिबात नको, पडून फुटला की संपलं, एलईडी टॉर्च वापरा. टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना काम करा.

दाब काढायचा तर पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, मग दोनतीनदा स्टार्टर मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरीसुद्धा पहिला जॉइंट उघडताना वर फडकं धरायचंच, थोडं पेट्रोल येतंच.

चौथं: पंप आणि त्याची वायर

आता माझी फजिती सांगतो. माझ्या गाडीत वरच्या आरपीएमला मिक्स्चर लीन व्हायचं, मी डोळे मिटून मोठा पंप आणला, टाकला, तरी तेच. मग त्याहून मोठा आणला. तरी तेच, उलट जरा जास्तच! शेवटी मल्टिमीटर घेऊन टाकीवरच्या कनेक्टरला पिना लावल्या, मित्र गाडी रेस करत होता, बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपाच्या टोकाला ११.६. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कंपनीची बारीक वायर, जुना कनेक्टर, आणि अर्थिंगच्या बोल्टखाली गंज. मोठा पंप जास्त करंट ओढत होता म्हणून व्होल्टेज अजून पडत होतं. गंज घासला, नवीन वायर टाकली, आणि पहिलाच पंप पुरला.

तर पंप बदलणार असाल तर वायरिंग त्याच दिवशी. बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची जाड वायर (मोठ्या पंपाला त्याहून जाड), बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, टाकीजवळ ३० किंवा ४० अँपिअरचा रिले, आणि पंपाचं अर्थिंग रंग खरवडून थेट बॉडीला. मोठे पंप सहज १५ अँपिअरच्या पुढे जातात, फ्यूज त्याप्रमाणे. रिले चालू करायला कंपनीचीच जुनी पंपाची वायर वापरा. किल्लीवरून सरळ जोडू नका, कारण इंजिन बंद पडलं किंवा अपघात झाला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंप थांबवतो, ती सोय मोडायची नाही. जिथे वेग बदलणारं मॉड्युल आहे तिथे हा साधा रिले चालत नाही, त्याला पेलणारा दुसरा कंट्रोलर लागतो.

पंप बसवताना टाकीच्या आतली छोटी नळी! यावर जोर देऊन सांगतोय. बाहेर वापरायचा इंधनाचा पाइप टाकीत पूर्ण बुडवून ठेवला की काही काळाने त्याची वरची साल फुगते, तडकते, आणि दाब टाकीतच निसटतो. आत बुडवायच्या पाइपवर एसएई जे३० आर१० असं लिहिलेलं असतं, तोच घ्या. क्लॅम्पही इंजेक्शनचे गुळगुळीत कडांचे, साधे दात असलेले पाइप कापतात. खालची जाळीची पिशवी टाकीच्या तळाला टेकली पाहिजे पण दुमडली नाही पाहिजे, नाहीतर अर्ध्या टाकीला वळणावर पंप हवा ओढणार.

पाचवं: पाइप, फिल्टर, रेग्युलेटर

३०० एचपीपर्यंत बहुतेक गाड्यांची मूळ लाइन चालून जाते, उगाच चमकणारे ब्रेडेड पाइप टाकायची घाई नको. लागलेच तर सहा नंबर एएन (पाइपच्या जाडीचं माप) पुष्कळ होतो. पंपानंतरचा फिल्टर १० मायक्रॉनचा, पंप टाकीबाहेर असेल तर त्याच्या आधी १०० चा जाड फिल्टर, उलटे लावले तर पंप उपाशी मरेल. पाइप एक्झॉस्टपासून लांब, आणि सुपरचार्जरच्या बेल्टजवळून जाताना दोन ठिकाणी आवळून बांधा.

रिटर्न असलेल्या गाडीत मोठा पंप टाकल्यावर एक नवीन दुखणं येतं. आयडलला पेट्रोल फारच कमी लागतं, बाकी सगळं परत जायचंय, आणि जुना रेग्युलेटर किंवा बारीक रिटर्न पाइप तेवढं सोडू शकत नाही, मग दाब ३ वर उतरतच नाही, ३.५ वर अडकून बसतो. अशा वेळी स्क्रू ढिला करून उपयोग नाही, रेग्युलेटर किंवा रिटर्न मोठा करावा लागतो. बेस दाब सेट करताना मॅनिफोल्डची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलला ३ बार लावा, लॉकनट आवळा, नळी परत जोडली की काटा २.३ च्या आसपास खाली आला पाहिजे. नाही आला तर नळी फुटलीये किंवा चुकीच्या जागी जोडलीये. ही नळी थ्रॉटलनंतर, सुपरचार्जरच्याही पुढे, म्हणजे जिथे खरा बूस्ट असतो तिथूनच घ्यायची.

सहावं: इंजेक्टर

घेण्याआधी तीन गोष्टी जुळवा, उंची, वरच्या ओ-रिंगचा व्यास (११ की १४ मिलिमीटर) आणि प्लगचा प्रकार. मग रेझिस्टन्स. हाय इम्पिडन्सचे १२ ते १६ ओहम, लो वाले २ ते ५. साध्या ईसीयूला लो वाले थेट जोडले तर आतले ड्रायव्हर जळू शकतात, मल्टिमीटर लावून एकदा खात्री करा.

सेट एकमेकांशी मॅच केलेला असावा आणि सोबत त्याचा डेटा असावा, फ्लो, डेड टाइम आणि कमी पल्सवरची (इंजेक्टर अगदी थोडा वेळ उघडतो तेव्हाची) दुरुस्ती. डेड टाइम म्हणजे वीज मिळाल्यापासून इंजेक्टर खरोखर उघडेपर्यंतचा वेळ, १४ व्होल्टला साधारण १ मिलिसेकंद, व्होल्टेज कमी झालं की वाढतो. आयडलला पल्सच दोन मिलिसेकंदांची असेल तर हा आकडा चुकणं म्हणजे निम्मा हिशोब चुकणं. डेटा नसलेले स्वस्त इंजेक्टर कितीही चमकत असले तरी सोडून द्या.

बसवताना ओ-रिंग नेहमी नवीन, त्यावर स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने फिरवा आणि रेल दोन्ही बाजूंनी सारखी दाबा. सरळ दाबली की मऊसर बसते. मधेच अडली आणि जोर लावावा लागला तर थांबा, ओ-रिंग कडेला चिमटलीये. बसल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोडा फिरला पाहिजे. जो फिरत नाही तो परत काढा.

सातवं: चालू करायच्या आधी आणि नंतर

बॅटरी जोडा, फ्यूज लावा, इंजिन चालू न करता फक्त किल्ली ऑन करा, पंप दोन सेकंद वाजेल. असं चार वेळा. मग टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जॉइंट पुसत जा, डोळ्याला न दिसणारी गळती टिश्यूवर दिसते. सगळं कोरडं असेल तरच इंजिन. गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा तेच.

जुन्या मॅपवर (ईसीयूमधल्या पेट्रोलच्या तक्त्यावर) नवीन इंजेक्टर लावून गाडी चालवायची नाही, "हळूच गॅरेजपर्यंत नेतो" असंही नाही, आधी ट्यूनरकडून नव्या इंजेक्टरचा बेस मॅप टाकून घ्या. लॅम्बडा मोजणारा वाइडबँड सेन्सर (बॉशचा एलएसयू ४.९ असलेला कुठलाही चालेल) आणि रेलवर दाबाचा सेन्सर, हे दोन नसतील तर ट्यूनिंगला जाऊच नका.

डायनोवर (गाडी जागेवरच चालवून पॉवर मोजायच्या यंत्रावर) बूस्ट टप्प्याटप्प्याने वाढवत लॉग (सेन्सरांच्या आकड्यांची नोंद) बघायचा. नुसता लॅम्बडा बघू नका, रेलच्या दाबातून बूस्ट वजा करून ती रेघ बघा. ती सरळ पाहिजे. समजा ६५०० ला बूस्ट ०.७ आहे आणि रेल ३.७ ऐवजी ३.३ दाखवतेय, तर फरक २.६ उरला, पेट्रोल जवळपास ७ टक्क्यांनी कमी झालं, आणि लॅम्बडा ०.८० वरून ०.८६ ला गेला. ट्यूनर मॅपमधे सात टक्के वाढवून तो झाकू शकतो, आणि काही जण झाकतातही, पण पंप किंवा वायर थकतेय ते तसंच राहतं, पुढच्या उन्हाळ्यात पेट्रोल तापलं की अजून पडणार. रेघ वाकली की थ्रॉटल सोडा, घरी या, पंपाच्या टोकाचं व्होल्टेज मोजा, मग फिल्टर, मग टाकीतली ती छोटी नळी, याच क्रमाने. (रिटर्नलेसमधे ही रेघ बूस्टबरोबर खाली जाणारच, तिथे रेलचा दाब ४ वर टिकतोय का एवढं बघा.)

सगळं जमलं की शेवटी टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर उभी ठेवा. पंपाच्या झाकणाखालचं रबर नीट बसलं नसेल तर अर्ध्या टाकीला काही कळत नाही, पेट्रोल वरपर्यंत आलं की मागच्या सीटखाली वास सुटतो. माझ्या गाडीत सकाळी दार उघडल्याउघडल्या कळलं, रबर एका जागी दुमडलं होतं, नखाएवढंच, आणि ते काढायला आधी ती भरलेली टाकी उपसावी लागली.